योग्य, अयोग्य आणि कासमभाई

कासमभाई मोटारीच्या मागे कधी उभे राहत नसत. दुसरा कोणी उभा राहिला तर त्याला दंडाला धरून बाजूला ओढत आणि म्हणत, "मागं न्हाई, मागं न्हाई. लाथ मारंल." ऐकणारा हसे. मोटार कसली लाथ मारतेय! पण कासमभाई हसत नसत. त्यांची उमेदीची वीस वर्षं संस्थानच्या पागेत बग्ग्यांची चाकं आणि आस दुरुस्त करण्यात गेली होती. तिथली शिस्त त्यांनी मोटारींना जशीच्या तशी लावली होती. गाडीकडे जायचं ते डावीकडून, आधी रेडिएटरवर हात ठेवायचा, मग बॉनेटवरून हात फिरवत सावकाश मागच्या चाकापर्यंत यायचं. मला तर कधी कधी वाटे, आता हे खिशातून मूठभर हरभरे काढून तिच्यापुढे धरणार.

मी तेव्हा भोरला मोटारखात्यात कारकून होतो. खातं म्हणजे काय, कचेरीच्या मागच्या ओवरीत एक टेबल, एक कपाट, आत खोलीत एक साहेब, ओवरीत मी आणि बाहेर उन्हात कासमभाई. त्यांचा हुद्दा मोटार तपासनीसाचा. संस्थानच्या हद्दीत उतारू घेऊन धावणारी प्रत्येक सर्व्हिस मोटार आधी कासमभाईंनी पाहिलेली पाहिजे, असा रिवाज होता. याचा कागद कुठे नव्हता. कासमभाई गाडीखालून बाहेर येत, हात पुसत आणि मान हलवत. उभी हलली तर गाडी धावे, आडवी हलली तर मालक नारळ घेऊन परत घरी जाई आणि दुरुस्ती करून पुन्हा तोच नारळ घेऊन येई. फी म्हणाल तर ती एवढीच. तो नारळ गाडीच्या चाकापाशी फुटे आणि जो असेल त्याच्या हातावर खोबरं पडे.

माणूस बुटका. ऐरण-हातोड्याच्या कामाने उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आलेला. संस्थानने दिलेला पितळी बटणांचा निळा कोट ते कचेरीत घालून येत, पण तपासणीला लागले की काढून, नीट घडी करून, गाडीच्या मडगार्डवर ठेवत. मग वहाणा काढत. गाडीखाली शिरताना वहाणा कशाला काढायच्या, हे मला पहिले सहा महिने कळलं नव्हतं. शेवटी विचारलं.

"कुनाच्या घरात जाताना काडता का न्हाई, भाऊसाहेब?" ते गाडीखालूनच म्हणाले. "मंग!"

एकदा खाली गेले की ड्रायव्हरच्या दोन विड्या ओढून होत तरी बाहेर येत नसत. खालून नुसता आवाज येई. "ह्ये कुनी बांदलं तारंनं?" "ह्यो नट गेल्या साली बी असाच व्हता." "जेवलास का रं?" हा शेवटचा प्रश्न ड्रायव्हरला असे. उपाशी ड्रायव्हरला ते गाडी चालवू देत नसत. समोरच्या खानावळीत पाठवत आणि तो येईपर्यंत चाकाला टेकून बसत. एखाद्या ड्रायव्हरने, खिशात पैसे नसल्यामुळे, जेवलो म्हणून थाप मारली तर त्यांना ती ओळखू येई. मग स्वतःचा डबा उघडत. त्यांच्या बायकोला हे ठाऊक असावं, कारण त्या डब्यात कायम दोन भाकऱ्या जास्त असत.

आणि तपासणीतली सगळ्यात शेवटची गोष्ट म्हणजे मालकाला बसवणं. गावाबाहेरच्या उतारावर गाडी न्यायची, मालकाला मागच्या बाकावर बसवायचं आणि उतार उतरायचा. मालक एकटा नको. त्याची मंडळी पाहिजेत.

भोंगवलीच्या एका सधन गृहस्थाने पुण्याहून जुनी मोटार विकत आणली होती. रंग नवा, बाकांवर लाल रेक्झिन, पुढे झेंडूच्या माळा. ते म्हणाले, "मंडळींना कशाला तसदी? मी आहे की."

"तुमी एकलं असला म्हंजी मिशीला पीळ द्याल," कासमभाई म्हणाले. "मंडळी संगं असल्या की मानूस खरं बोलतो."

मंडळी आल्या, कडेवर एक पोर घेऊन आल्या. मी आणि कासमभाई पुढच्या बाकावर होतो. गाडी उताराला लागली, मध्यावर आली, ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि गाडी थोडी थबकून पुन्हा घसरायला लागली. कासमभाई शांतपणे खिडकीबाहेर बघत होते. मागून गृहस्थ एकदम ओरडले, "अहो, थांबवा! थांबवा म्हणतो ना! हिच्या ब्रेकला अजून काम आहे!" ड्रायव्हरने हातब्रेक ओढला, क्लीनरने उडी टाकून चाकाखाली ठोकळा सरकवला आणि गाडी उभी राहिली. कासमभाई वळून त्यांना म्हणाले, "मालक, नापास तुमीच केली. म्या एक सबुद बोललो न्हाई." त्या बाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की पोर रडायला लागलं. पुढे ती गाडी नीट होऊन बारा वर्षं धावली.

खंडेनवमीला तर गंमतच होई. पावसाळ्यात बंद असलेल्या वेल्ह्याकडच्या, महाडकडच्या गाड्या दसऱ्यानंतर सुरू होत, म्हणून त्याच्या आधी मालकांची कासमभाईंकडे झुंबड उडे. त्यांनी मान हलवलेली नसेल त्या गाडीला नवमीला हार घालायला घरच्या बायका तयार नसत. "कासमभाईंनी बघितली का?" असं आधी विचारत. नमाजाची वेळ सांभाळून हा माणूस त्या आठवड्यात दिवसाला सात-सात गाड्यांखाली झोपे. सांगायचं एवढंच, की कासमभाईंचा शब्द चाले. त्यांनी "दहाच्या वर मानसं घेऊ नगं" असं एखाद्याला सांगितलं तर अकरावा माणूस स्वतःच म्हणे, "न्हाई बाबा, कासमभाईंनी सांगितलंय, म्या मागनं येतो."

आणि हे सगळं मला, खरं सांगतो, गावंढळ वाटत होतं.

मी सव्वीस वर्षांचा होतो. पुण्याला शिकलेला. ब्रिटिश मुलखात मोटारींची तपासणी कशी चालते ते मी पाहून आलो होतो. तिथे छापील फॉर्म, ठरलेली फी, फीची पावती, वर्षाचा दाखला काचेला डकवलेला. आणि आमच्याकडे काय, तर एक म्हातारा अनवाणी गाडीखाली झोपतो आणि बाहेर येऊन मान हलवतो! दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट असेल. मी साहेबांना टिपण करून दिलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "तुम्हीच करा सगळं." मी केलं. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. अठरा कलमांचा फॉर्म केला. दिवे, भोंगा, ब्रेक, चाकं, बाक, पायरी, सगळं आलं त्यात. आणि शेवटी दाखल्याचं वाक्य लिहिलं, "सदरहू मोटार उतारू वाहतुकीस योग्य / अयोग्य आहे." खाली बारीक अक्षरात, "नको तो शब्द खोडावा." पाचशे प्रती पुण्याहून छापून आल्या. नव्या कागदाचा वास मला अजून आठवतो. मी तो गठ्ठा दोनदा उघडून पुन्हा बांधला होता.

फी तीन रुपये, आधी भरायची. गाडी अयोग्य ठरली तर पुन्हा तपासणीला पुन्हा तीन रुपये. कासमभाईंना हे पटेना.

"भाऊसाहेब, वैद बी नाडीचं पैसं घेतो. पन औशिद लागू न्हाई पडलं अन् मानूस परत आला, तर त्यो पुन्ना नाडीचं मागत न्हाई."

"तुमच्या खिशातून जातायत का कासमभाई?" मी म्हणालो.

पण म्हणून ते माझ्या फॉर्मच्या विरुद्ध होते असं समजू नका. उलटच झालं. एका बड्या इनामदारांची मोटार भाड्याने उतारू नेत असे, आणि ती आजवर तपासणीला कधी आली नव्हती. त्यांना कोण सांगणार? नव्या नियमात सगळ्यांना नोटिसा गेल्या, त्यांनाही गेली आणि मोटार आली. कासमभाई खाली गेले, बाहेर आले, म्हणाले, "स्टेरिंगचा सांधा गेलाय." मी "योग्य" शब्द खोडला. त्यांनी मोडीत सही केली. लिहिता-वाचता त्यांना तेवढंच येई, नाव. इनामदारांचा माणूस बराच आरडाओरडा करून गेला, पण आठ दिवसांनी मोटार नीट होऊन परत आली. त्या दिवशी कासमभाई माझ्या टेबलापाशी आले आणि फॉर्मच्या गठ्ठ्यावर, रेडिएटरवर ठेवत तसा, हात ठेवून म्हणाले, "कागुद लई बळकट असतो, भाऊसाहेब. माजी मान हालून ह्ये झालं नसतं." मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

पुढच्याच महिन्यात ते एकदा दुपारी आले. हातात कोरा फॉर्म होता.

"ह्या खालच्या वळीत दोन सबुद हायत म्हनता?"

"हो. योग्य आणि अयोग्य."

"मधला कुटं हाय?"

"मधला नाही."

ते तिथेच उकिडवे बसले. "भाऊसाहेब, लई गाड्या मधल्याच असत्यात वो. आजारी मानूस बाजाराला जातोच ना? पन डोईवर वझं न घेता जातो. तशी गाडी असती. बारा मानसं घिऊन जाईल, ईस घिऊन न्हाई जायाची. सपाटीला चालंल, उताराला मानसं खाली उतरवून चालंल. तिला योग्य म्हनू का अयोग्य म्हनू? अयोग्य म्हनलं तर गरिबाची गाडी महिनाभर दारात ऱ्हाती, अन् वर पुन्ना तीन रुपयं. योग्य म्हनलं तर..." त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "एक तिसरी जागा करा की तेवडी."

मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द आठवतं. विसरता आलं असतं तर फार बरं झालं असतं. मी म्हणालो, "कासमभाई, गाडी एक तर योग्य असते नाही तर अयोग्य. नियमात मधलं काही नसतं. आणि पाचशे फॉर्म छापून पडलेत, ते काय चुलीत घालू?"

"हातानं ल्हिलं खाली, तर?"

"छापील फॉर्मवर हाताने खरडलेलं चालत नाही."

"मंग म्या काय करू?"

माझ्यापुढे पावत्यांचा ढीग होता. मान वर न करता मी म्हणालो, "तोंडी सांगा की. इतकी वर्षं तोंडीच सांगत होता ना?"

"व्हय," ते म्हणाले. "त्ये बी खरंच." आणि उठून गेले.

विंझरचा धोंडिबा आधी बैलगाड्या हाकायचा. नसरापूर ते वेल्हे त्याची एकुलती एक सर्व्हिस मोटार होती आणि तो ती स्वतःच चालवी. आम्ही फॉर्म सुरू केल्यावर वर्षभरात ती तपासणीला आली. कासमभाई खालून आले ते कपाळाला आठ्या घालून. मी एकेक कलम वाचत होतो आणि ते "हाय" म्हणत होते. "ब्रेक?" मी वाचलं. त्यांनी धोंडिबाकडे पाहिलं. धोंडिबा हात जोडून उभा होता. पुण्याहून ब्रेकची पट्टी आणायला दोन आठवडे लागणार होते आणि तोवर गाडी बंद म्हणजे त्याचं घर बंद.

"हाय," कासमभाई म्हणाले. मी "ठीक" लिहिलं आणि शेवटी "अयोग्य" शब्द खोडला. त्यांनी सही केली.

मग माझ्या टेबलासमोरच ते धोंडिबाकडे वळले. "डाव्या मागल्या चाकाचा ब्रेक धरत न्हाई. पट्टी येस्तवर बारा मानसं. तेरावं न्हाई. अन् विंझरच्या अलीकडचा उतार आला की समद्यांना खाली उतरवायचं, गाडी रिकामी उतरवायची. कबूल?"

"कबूल, कासमभाई. तुमच्या पायाची शपथ."

धोंडिबाने शब्द पाळला. उताराशी गाडी थांबे, माणसं खाली उतरून पायी चालत, खाली जाऊन पुन्हा गाडीत बसत. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन उतरत. कोणाची कुरकुर नव्हती, कारण कासमभाईंनी सांगितलं होतं. पण आठव्या-नवव्या दिवशी धोंडिबाला हिवताप भरला. अंथरुणातून उठता येईना. वेल्ह्याचा बाजार चुकू नये म्हणून त्याच्या भावाने नसरापूरहून एक परका ड्रायव्हर आणला. तापाच्या भरात धोंडिबा त्याला काही बोलला की नाही, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

ड्रायव्हरने बाजाराची गर्दी पाहिली आणि बसतील तेवढी माणसं भरली. उताराशी गाडी आली तेव्हा आतल्या माणसांनीच त्याला सांगितलं, "हितं आमी उतरतो. ब्रेक बरा न्हाई." त्याने काचेवरच्या माझ्या दाखल्यावर बोट आपटलं. "ह्यो सरकारी दाखला हाय. योग्य म्हून ल्हिलंय. बसा गप." माणसं बसली. छापलेलं होतं, सही होती, शिक्का होता.

अर्ध्या उतारावर गाडी सुटली. ड्रायव्हरने ती डोंगराच्या बाजूला घातली म्हणून दरीत गेली नाही, बांधावर चढून कलंडली. कोणाचा हात मोडला, कोणाचा पाय. पालीच्या चंद्राबाई, कोंबड्या विकायला निघालेल्या एक म्हाताऱ्या बाई, गाडीखाली सापडल्या आणि जागच्या जागी गेल्या.

कासमभाईंना बातमी कळली तशी ते भोरहून निघाले. पहिल्यांदा विंझरला जाऊन कलंडलेल्या गाडीखाली शिरून आले. मग पालीला गेले. चंद्राबाईंच्या अंगणात दिवसभर बसून राहिले. हे मला पुष्कळ दिवसांनी चंद्राबाईंच्या मुलाकडून कळलं. मुलगा म्हणाला, "आमाला वळक बी नव्हती. इचारलं, कोन तुमी? तर म्हनले, दाखल्यावर सही हाय त्यो म्या. मंग आमी काय बोलनार? पानी दिलं."

चौकशी कचेरीत झाली. बाहेरून एक अधिकारी आले होते. जबान्या लिहून घ्यायला मी बसलो होतो. टाक माझ्याच हातात होता.

"ब्रेक कमजोर आहे हे तपासणीत कळलं होतं का?"

"व्हय, सायेब."

"मग अयोग्य हा शब्द का खोडला?"

"तिसरी जागा नव्हती."

"म्हणजे काय?"

"फारमात. योग्य अन् अयोग्य. मधली जागा नव्हती. म्या मागितली व्हती." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात आरोप नव्हता. मी आता सांगेन, अशी खात्री होती त्या नजरेत. मुलीच्या लग्नात आपलं माणूस पुढे होऊन बोलेल, तशी खात्री.

अधिकारी माझ्याकडे वळले. "अशी काही मागणी यांनी केली होती?"

काय झालं माझं त्या क्षणी? साहेब बाजूला बसले होते. फॉर्म माझा होता. माझ्या टिपणाची तारीफ झालेली होती, लग्न ठरलेलं होतं, हे सगळं मनात आलं की आलंच नाही, आता काहीही म्हणता येईल. मी म्हणालो, "लेखी काही आलेलं नाही, साहेब."

खोटं नव्हतं ते. ज्या माणसाला आपल्या नावापलीकडे एक अक्षर लिहिता येत नाही, त्याच्याकडून लेखी कुठून येणार होतं? कासमभाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी मान खाली घातली. अधिकारी म्हणाले, "लिहा." आणि मी लिहिलं. "तपासनिसाने दोष माहीत असूनही दाखला दिला." अक्षर माझं चांगलं होतं, फार वळणदार. त्या कागदावरही ते तसंच आलं असणार.

त्यांना नोकरीवरून कमी केलं. ते कोट परत करायला आले. टेबलावर घडी ठेवली आणि म्हणाले, "तिसरं बटन सैल हाय. शिवून घ्या, न्हाई तर पडंल." मी म्हणालो, "कासमभाई..." ते म्हणाले, "म्हातारी मेली, भाऊसाहेब. सही माजी व्हती." त्यांनी माझं नाव घेतलं नाही, मला एक वाईट शब्द बोलले नाहीत. एक शिवी तरी द्यायची होती हो. शिवी दिली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

आणि मग मी काय केलं ते ऐका, म्हणजे माझ्यासारख्याची किंमत तुम्हाला कळेल. अपघातानंतर साहेबांनी विचारलं, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं? मी दोन पानी टिपण दिलं. फॉर्ममध्ये तिसरा प्रकार असावा, "अटीवर योग्य", त्याखाली अटी लिहायला चार ओळी कोऱ्या ठेवाव्यात, अटीचा दाखला तांबड्या कागदावर असावा म्हणजे ड्रायव्हरला आणि उतारूंना लांबून कळेल. शिवाय दोष काढून महिन्याच्या आत गाडी परत आली तर फेरतपासणीची फी घेऊ नये. शब्दन् शब्द त्या माणसाचा. तांबडा कागद काय तो माझा. टिपण मंजूर झालं. शेजारच्या संस्थानातून ते पाहायला माणसं आली. माझा पगार वाढला. कासमभाईंच्या जागी डिप्लोमावाला तपासनीस आला, हुशार होता, फॉर्म भराभर भरायचा.

मग कासमभाई भोर सोडून गेल्याचं कळलं. त्यांच्या मेहुण्याचं विंझरला बैलगाड्यांची चाकं बनवण्याचं काम होतं, तिथे ते गेले. त्याच उताराच्या खालच्या अंगाला! वेल्ह्याकडचं काम निघालं की मी दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात घाली. आज ताप आहे, उद्या हिशेब आहे, काही ना काही कारण सापडे. अशी कितीतरी वर्षं गेली. लढाई झाली, संपली. कोळशावर चालणाऱ्या मोटारी आल्या, गेल्या. माझ्या तांबड्या दाखल्यांनी किती माणसं वाचली असतील, असं मी मनाशी म्हणत असे. थोडी तरी वाचलीच असतील. पण ते म्हणून झाल्यावर बरं वाटलं पाहिजे, तसं कधी वाटलं नाही.

संस्थान विलीन झालं तेव्हा जुन्या हद्दीतल्या सगळ्या मोटारींची यादी नव्या सरकारला द्यायची होती, आणि वेल्ह्याला मलाच जावं लागलं. काम गळ्यात घालायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. विंझरला गाडी रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबली. मी खिडकीशी होतो. रस्त्याच्या कडेला शेणकुटांच्या आगीत बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव लाल होत होती आणि तिच्याशेजारी कासमभाई उभे होते. पार वाळलेले. खांदा आणखी खाली आलेला. माझी नजर मी काढून घेणार, तोच त्यांनी ओळखलं.

"भाऊसाहेब!" ते खिडकीपाशी आले, अर्थातच गाडीच्या पुढून वळसा घालून. "बरं हाय का? आई बरी हाय का? पोरं किती?" मी सांगितलं. त्यांची बायको गेल्याचं त्यांनी सांगितलं. मग मी म्हणालो की आता आपल्या फॉर्ममध्ये तिसरी जागा आहे.

"ल्हिली?" त्यांनी खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली. "जागा ल्हिली?"

"हो. अटीवर योग्य. खाली अटी लिहायला चार ओळी."

"चार वळी!" ते असे हसले, की मला त्यांच्याकडे बघवेना. या माणसाला मी इतकं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं. "बास की. चार वळीत लई मावतं. कवापासनं?"

"तेव्हापासून. अपघातानंतर लगेच."

"लगीच," ते म्हणाले. मग विचारलं, "कुनाच्या ध्यानात आलं वो त्ये?"

त्यांना आठवत नव्हतं की मला एक वाट करून देत होते, हे मला आजही सांगता येत नाही. दहा वर्षं जे बोलायचं होतं ते बोलायला यापेक्षा सोपी जागा कोण देणार होतं? ड्रायव्हर चढला, त्याने भोंगा वाजवला.

"वरच्या साहेबांच्या," मी म्हणालो.

"भला मानूस," कासमभाई म्हणाले. "अल्ला त्येला सुकात ठेवू दे." मेहुण्याने मागून हाक मारली. धाव तापली होती, थंड व्हायच्या आत चाकावर चढवायला हवी होती, म्हणून ते चौकटीवरचे हात सोडून लगबगीने परत गेले. गाडी सुटायला अजून अवकाश होता, क्लीनर डबा परत द्यायला विहिरीकडे गेला होता. मी उतरू शकलो असतो. वीस पावलं होती फार तर. मी बसून राहिलो, आणि गाडी सुटली तेव्हा ते चाकावर वाकले होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती.